खूण आणि संकेत

टेबलाशी एक माणूस बसला आहे. टेबलाचा पृष्ठभाग म्हणजेच स्क्रीन. तिच्यावरचा एक चौकोन कुणी हात न लावता मोठा होतो आणि माणसाला विचारतात, "हे घडावे म्हणून तुम्ही हाताने काय केले असते?" तो करून दाखवतो. मग चौकोन नाहीसा होतो. मग तो फिरतो. दर वेळी परिणाम आधी दाखवायचा आणि त्याचे कारण माणसाच्या हातून काढून घ्यायचे, असा हा उलटा प्रकार. वॉशिंग्टन विद्यापीठातले जेकब वॉब्रॉक आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातले मेरेडिथ रिंगेल मॉरिस व अँड्र्यू विल्सन यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेला हा अभ्यास. २० माणसे, २७ क्रिया, प्रत्येक क्रिया एकदा एका हाताने आणि एकदा दोन्ही हातांनी. अशा १०८० खुणा जमल्या. त्या टेबलाचा मोठा गुण हा, की ते कशालाच चूक म्हणत नव्हते. खूण ओळखण्याचे काम त्याला दिलेलेच नव्हते. माणूस जे करील ते मान्य.

चौकोन सरकवायचा तर बोट ठेवून ओढायचे, यावर जवळजवळ एकमत झाले. पण 'आत्ता केलेले रद्द कर' याला हाताने काय करणार? 'मदत दाखव' याला? इथे मते फुटली. काहींचे बोट माउसच्या सवयीने, जिथे एरवी बंद करायची फुली असते त्या रिकाम्या कोपऱ्याकडे गेले. एक बोट टेकले की तीन, याची बहुतेकांना फिकीर नव्हती. त्यांच्या लेखी ती एकच खूण. आणि खुद्द त्या तीन संशोधकांनी, ज्यांचा हा रोजचा विषय, आपल्या डोक्याने काढलेल्या साऱ्या खुणा एकत्र केल्या, तरी लोकांकडून आलेल्या संचातल्या सुमारे ६१ टक्के खुणांपर्यंतच त्या पोचल्या.

पुढची सगळी प्रकरणे लिहिताना हे टेबल माझ्या डोळ्यांसमोर होते. स्पर्शाने चालणाऱ्या पृष्ठभागांसाठी हाताच्या खुणा कशा रचाव्यात, हा या पुस्तकाचा विषय. तो ऐकला की वाटते, कुणीतरी कल्पक माणूस बसून नवनव्या खुणा शोधून काढत असेल. प्रत्यक्षात शोधण्याचे काम थोडे आणि जुळवण्याचे फार. मराठीत यासाठी दोन शब्द आहेत आणि त्यांतला फरक मला मोलाचा वाटतो. खूण एकट्यालाही करता येते. संकेताला दोघे लागतात. जी खूण करणाऱ्याला आणि ओळखणाऱ्याला एकच अर्थ सांगते, ती संकेत. म्हणून तर रूढीलाही आपण संकेत म्हणतो आणि भेटीच्या ठरलेल्या जागेलाही संकेतस्थळ. खूण रचणे सोपे आहे. तिचा संकेत कसा होतो, हा खरा प्रश्न.

या जोडीतला दुसरा पक्ष, म्हणजे काच, आधी समजून घ्यायला हवी. आपल्या फोनच्या काचेखाली पारदर्शक वाहकाची उभी-आडवी जाळी असते, बहुधा इंडियम टिन ऑक्साइडची. बोट विजेचे वाहक आहे. ते जवळ आले की जाळीच्या त्या भागाची विद्युतभार धरण्याची क्षमता किंचित बदलते, आणि यंत्र सेकंदाला साठ किंवा त्याहून अधिक वेळा जाळी तपासून हा बदल टिपते. यंत्राला दिसतो तो एवढाच एक धब्बा: कुठे उमटला, केवढा, कधी आला, कधी गेला. ते बोट आहे, ते कुणाचे आहे, त्याला काय हवे आहे, यातले काहीही त्याला दिसत नाही. साध्या हातमोज्यातला हात त्याच्या लेखी नसतोच, आणि पावसात काचेवर पडलेले थेंब कधी कधी बोटे ठरतात. ही करामत जुनी आहे. इंग्लंडमध्ये माल्व्हर्न इथल्या रडार संशोधन संस्थेतल्या ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ साली स्पर्शाने चालणाऱ्या पडद्याबद्दल लिहिले. डोळ्यांसमोर होते विमान वाहतूक नियंत्रणाचे काम. १९७०च्या दशकात जिनिव्हाजवळच्या 'सर्न'मध्ये फ्रँक बेक आणि बेंट श्टुम्पे यांनी सुपर प्रोटॉन सिंक्रोट्रॉन या प्रचंड यंत्राच्या नियंत्रण कक्षासाठी असे पडदे घडवले. असंख्य बटणे आणि खुंट्या भिंतभर मांडण्याऐवजी एकाच काचेवर हवी ती बटणे हवी तेव्हा उमटवता यावीत, ही त्यामागची निकड.

बटणापर्यंत प्रकरण सोपे होते. खुणा आल्या तशी गुंतागुंत आली, कारण सगळ्या खुणांची सुरुवात एकसारखीच असते: बोट काचेला लागते. ते लगेच उठले तर टॅप, साधारण अर्धा सेकंद टिकले तर दाबून धरणे, दोन-तीन मिलिमीटर हलले तर ओढणे. म्हणजे बोट लागल्या क्षणी यंत्राला काहीच कळलेले नसते; त्याला थांबून पाहावे लागते. आणि हे थांबणे फुकट नसते. फोनवरच्या सुरुवातीच्या ब्राउझरमध्ये दोनदा टॅप केले की मजकूर मोठा होई. सोय चांगली, पण तिच्यापायी प्रत्येक साध्या टॅपनंतर ब्राउझर सुमारे ३०० मिलिसेकंद दम धरी: न जाणो, दुसरा टॅप यायचा असेल! दुवा उघडायला जी बारीकशी रखडपट्टी जाणवे, ती या आतिथ्याची. तेव्हापासून मी विद्यार्थ्यांना सांगत आलो आहे, की पंगतीत नवी खूण बसवायची तर आधीच बसलेल्या कुणाला तरी सरकावे लागते. कोण सरकले ते शोधल्याशिवाय वाढायला घेऊ नका.

याउलट, एखादा छोटा निर्णय साऱ्या पंगतीचे भले करून जातो. रिचर्ड पॉटर, लिंडा वेल्डन आणि बेन श्नाइडरमन यांनी १९८८ साली मेरिलँड विद्यापीठात एक तुलना केली. बोट टेकले त्या क्षणी निवड पक्की करायची, की बोट उचलले त्या क्षणी? उचलण्याच्या पद्धतीत चुका कमी झाल्या. कारण उघड आहे. बोट टेकवणे हा प्रश्न आणि उचलणे हे उत्तर, असे केले की मध्ये विचार बदलायला जागा राहते. आजही फोनवरच्या नको असलेल्या बटणावर बोट पडले, तर ते न उचलता बाजूला सरकवा; बहुतेक ठिकाणी काही घडत नाही. ही क्षमा कुणीतरी जाणूनबुजून रचलेली आहे. हाताच्या खुणांत चुका होणारच. त्या पोटात घालणारी जागा खुणेच्या आतच ठेवावी लागते.

आता सर्वांत प्रसिद्ध खूण घेऊ: दोन बोटे फाकवली की चित्र मोठे, चिमटीत आणली की लहान. २००७च्या जानेवारीत आयफोन जगापुढे आला आणि ती घरोघरी गेली, त्यामुळे ती तेव्हाच जन्मली असे अनेकांना वाटते. तिची वंशावळ मात्र लांब आहे. १९८२ साली टोरांटो विद्यापीठात निमिष मेहता यांनी धुरकट काचेमागे कॅमेरा लावून एकाच वेळी अनेक बोटे ओळखणारा पृष्ठभाग तयार केला. त्याच दशकात मायरन क्रूगर यांच्या 'व्हिडिओप्लेस'मध्ये लोक पडद्यावरच्या आकृती अंगठा आणि तर्जनीने पकडून ताणत होते. १९९१च्या सुमारास केंब्रिजला झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत पिएर वेल्नर यांनी खऱ्या मेजावर प्रकाशाने कागद उमटवून ते बोटांनी हाताळून दाखवले. २००६ साली जेफ हान यांनी जाहीर व्याख्यानात मोठ्या स्क्रीनवर दोन्ही हातांनी चित्रे ताणली, तेव्हा सभागृह थक्क झाले. खूण तयार होती. ती सर्वांच्या हाती देणारी वस्तू पुढच्या वर्षी आली.

ही खूण इतकी का पटते? चित्रावरचे जे दोन ठिपके बोटांखाली आले, ते बोटांखालीच राहतात. बोटे जातील तिथे ठिपके जातात. मोठे होणे हा त्याचा नुसता परिणाम. इथे लक्षात ठेवण्यासारखे काही नसते, कारण उत्तर बोटाखालीच आणि त्याच क्षणी मिळते. पण म्हणून चिमटीचा अर्थ निसर्गाने ठरवून दिला आहे असे मात्र नाही. डेलावेअर विद्यापीठात वेन वेस्टरमन यांना टंकलेखनाने हात दुखू लागले, त्यातून कमी ताणाचा, दाबावा न लागणारा कीबोर्ड करण्याच्या खटपटीत त्यांनी १९९९ साली प्रबंध लिहिला आणि जॉन इलायस यांच्यासह फिंगरवर्क्स ही कंपनी चालवली. २००५ साली ती ॲपलने घेतली. या फिंगरवर्क्सच्या पृष्ठभागांवर बोटांची चिमटी म्हणजे 'कट' आणि बोटे फाकवणे म्हणजे 'पेस्ट' होते. मजकूर चिमटीने उचलला, दुसरीकडे सोडला. हाही अर्थ तितकाच सुसंगत. हात तोच, चिमटी तीच, संकेत वेगळा.

आपल्याकडे बोटांच्या खुणांचा एक अतिशय परिपक्व पृष्ठभाग शतकांपासून वाजतो आहे. तबल्याची पुडी हातभरही रुंद नसते. तिच्यावर किनार, मैदान आणि शाई असे तीन प्रांत. 'ना' किनारीवर, खुला. 'ती' शाईवर, बंद. डग्ग्यावर मनगट दाबून सरकवले की 'घे'ला मींड मिळते, आणि 'ना' व 'घे' एकत्र वाजले की 'धा', दोन्ही हातांचा. बोट कोणते, पडले कुठे, उठले की टेकून राहिले, एवढ्या फरकांवर भाषा उभी आहे. घराण्यागणिक निकास बदलतो, तरी बोल ओळखू येतो. स्पर्शाच्या खुणा रचणाऱ्याने इथून तीन गोष्टी उचलाव्यात. प्रत्येक आघाताला उच्चारता येईल असे नाव आहे, त्यामुळे तो शिकवता येतो. प्रत्येक आघाताचे उत्तर कानाला तत्काळ मिळते, त्यामुळे चूक लपत नाही. आणि लहान बोल जोडून मोठे वाक्य होते. उचलू नये अशी गोष्ट एकच: रियाज. वीज बिल भरायला आलेल्या माणसाकडे आपण दहा वर्षांची तालीम मागू शकत नाही.

मग तालमीशिवाय खूण शिकवायची कशी? इथे स्पर्शाच्या स्क्रीनची सर्वांत दुखरी नस आहे. बटणावर नाव असते. खूण अदृश्य असते. काचेच्या कडेवरून आत बोट ओढले की काहीतरी उघडते, हे काचेकडे कितीही पाहिले तरी कळत नाही. कुणीतरी सांगावे लागते किंवा अपघाताने घडावे लागते. डोनाल्ड नॉर्मन यांनी २०१० साली नेमके हेच दुखणे मांडले: ज्यांना आपण नैसर्गिक म्हणून मिरवतो ती माध्यमे नैसर्गिक नाहीत, आणि दिसण्याचे, परत फिरता येण्याचे जुने नियम या नव्या उत्साहात विसरले जात आहेत. पुढच्याच वर्षी त्याचा पुरावा मिळाल्यासारखे झाले. ॲपलने मॅक संगणकांवर स्क्रोलची दिशा उलटी केली आणि तिला 'नॅचरल' असे नाव दिले. बोटे वर गेली की मजकूरही वर. कागद हाताने सरकवावा तसे, हे खरे. पण वर्षानुवर्षे सरकपट्टी ओढलेल्या हातांना ते चक्क उलटे वाटले, आणि काही दिवसांनी त्यांतल्या अनेकांना जुनी दिशा उलटी वाटू लागली. सहज म्हणजे बहुतेक वेळा शिकल्याचे विसरून गेलेले.

हे शिकणे वापरण्यातच मुरवता येते का, याचे मला आवडणारे उत्तर पुन्हा टोरांटोचे आहे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला गॉर्डन कुर्टेनबाख आणि बिल बक्स्टन यांनी एक गोल यादी रचली. टेकवून क्षणभर थांबलात, तर भोवती पर्यायांचे वर्तुळ उमटते. हव्या पर्यायाच्या दिशेला ओढायचे. पाठ झाले असेल तर थांबू नका, थेट त्या दिशेला फटकारा मारा. वर्तुळ उमटतच नाही, काम मात्र होते. सौंदर्य यात आहे, की नवखा आणि सराईत यांचा हात एकच रेघ ओढतो. नवख्याचे प्रत्येक काम हीच सराईताची उजळणी.

याच कुळातली एक रचना मराठी वाचकाच्या खिशात असू शकते. आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३च्या सुमारास 'स्वरचक्र' हा कीबोर्ड आणला. देवनागरीची अडचण अशी, की इंग्रजीचा आराखडा उसना घेतला तर व्यंजने, स्वर, मात्रा, जोडाक्षरे यांची गर्दी त्या छोट्या जागेत मावत नाही. स्वरचक्राने कीबोर्डाऐवजी बाराखडीकडे पाहिले. व्यंजनावर बोट ठेवले की भोवती चक्र उमलते आणि त्याच्या पाकळ्यांवर का, कि, की, कु अशी रूपे दिसतात. बोट न उचलता तिकडे सरकवायचे आणि उचलायचे. हलन्त निवडला की पुढच्या व्यंजनाशी जोडाक्षर जमते. पहिलीच्या वर्गात घोकलेला क्रम इथे दिशा होऊन बोटात उतरतो. खूण नवी असली तरी तिचा अर्धा संकेत आपण शाळेतच करून आलो होतो.

हात मात्र सगळ्यांचे सारखे नसतात, आणि एकाच माणसाचा हातही दिवसभर सारखा नसतो. स्टीव्हन हूबर यांनी २०१३ साली रस्त्यावर, स्थानकांवर, उपाहारगृहांत फोन वापरणारी १३३३ माणसे नुसती उभे राहून पाहिली. त्यांतल्या, स्क्रीनला बोट लावणाऱ्यांपैकी ४९ टक्के लोक फोन एका हातात धरून त्याच हाताच्या अंगठ्याने काम करत होते. आपल्या लोकलच्या डब्यात, एक हात वरच्या कडीला असताना, दुसरे काय करणार! म्हणजे दोन बोटांची कितीही देखणी खूण असो, निम्म्या वेळा ती करायला दुसरे बोट मोकळे नसते. अंगठ्याला वरचा लांबचा कोपरा गाठता येत नाही, आणि त्याच्या टोकाखाली सुमारे नऊ मिलिमीटरहून लहान लक्ष्य झाकले जाते. उभ्या पडद्यावर तर खांदाच संप पुकारतो. हात हवेत धरून काम केल्याने येणाऱ्या त्या थकव्याला इंग्रजीत गोरिलाच्या हाताचे नाव पडले आहे. निरक्षराला आपण अंगठेबहाद्दर म्हणत आलो. आता साक्षरांचा सारा व्यवहार अंगठ्यावर आला आहे आणि तरीही त्याची मोजमापे न घेता रचना करणारे पुष्कळ आहेत.

ज्यांना काच दिसतच नाही त्यांचे काय, या प्रश्नाचे एक उत्तर टी. व्ही. रामन यांनी दिले. ते पुण्यात वाढले, चौदाव्या वर्षी काचबिंदूने दृष्टी गेली. नौरोसजी वाडिया महाविद्यालय, आयआयटी मुंबई आणि कॉर्नेल असा प्रवास करून ते गूगलमध्ये पोचले. सपाट काचेवर बटणे चाचपडून सापडत नाहीत, तर फोनचा आकडा फिरवायचा कसा? त्यांनी आणि सहकाऱ्यांनी प्रश्नच फिरवला. बोट जिथे प्रथम टेकेल तिथे ५ असे धरायचे. ५ सापडला की बाकीचे आकडे दिशेने सापडतात: वर २, खाली ८, डावीकडे ४. चूक झाली तर फोन हलवायचा. शेवटचा आकडा पुसला जातो. जुन्या शाळेतली धूळपाटी अशीच हलवून कोरी करत. माणसाने बटण शोधायचे की बटणाने माणसाचे बोट? या एका उलटापालटीत मला या सगळ्या विद्येचे सार दिसते, आणि ती डोळस माणसालाही अंधारात उपयोगी पडते.

पुस्तकाची मांडणी याच वाटेने जाते. आधी हात, मग काच, मग दोघांतला संकेत, त्यानंतर तो शिकवण्याच्या तऱ्हा, आणि शेवटी चुकलेल्या खुणांची काही शवविच्छेदने. संकेतभाषा कंपन्यांच्या मालकीची होऊ शकते का, यावर एक प्रकरण आहे. २०१२ साली सॅन होजेच्या न्यायालयात ॲपल आणि सॅमसंग यांच्यात जे रामायण झाले, त्यात अशा खुणांचे पेटंटही होते. शब्दांबाबत मी सोवळे पाळलेले नाही. टॅप, स्क्रोल, झूम हे शब्द घरात रुळले आहेत, ते तसेच ठेवले. मराठी संकेतस्थळांवर 'इथे टिचकी मारा' असे लिहितात. टिचकी म्हणजे अंगठ्याने अडवून सोडलेले बोट. तशी ती काचेवर कुणी मारून पाहिली तर बहुधा काही घडणार नाही आणि नख दुखेल. अशा जागी मी साधे 'बोट लावा' असे लिहिले आहे. चिमटी, फटकारा, चाचपणे, ओढणे हे शब्द मात्र आपल्याकडे नेमके आहेत, आणि नेमका शब्द सापडला की खुणेची रचनाही नेमकी होते, असा माझा अनुभव आहे.

पहिले प्रकरण उघडण्यापूर्वी एक छोटे काम करा. फोन पूर्ण बंद करा आणि ती काळी काच घरातल्या कुणाच्या तरी हाती द्या. सांगा, यावर एक फोटो आहे असे समज. तो पुसायचा आहे, कसा पुसशील? कुणी बोट घासेल, कुणी तळहाताने पाटी पुसल्यासारखे करील, कुणी फोटो चिमटीत धरून काचेबाहेर टाकील. पाहत राहा, आणि त्यातल्या कशालाच चूक म्हणू नका.